डोळ्याचं माप

आकाराममास्तरांना क्रांतीचा संशय पहिल्यांदा आला तो तिच्या बुटांवरून.

दिवाळीत पोरीनं नवे बूट घेतले होते. मास्तरांनी स्वतः बघितले होते, पांढरे, निळ्या पट्टीचे. आणि आता होळी झाली नाही तोवर पायात दुसरे, कोरे करकरीत. तिच्या आईचं, विठाबाईचं, घर चालायचं म्हशींवर. ती बाई म्हशीच्या पेंडीला हात आखडणार नाही, पण पोरीच्या बुटांसाठी वर्षात दोनदा दुकानाची पायरी चढेल, हे मास्तरांना काही केल्या पटेना. मग बूट घेतले कुणी? आणि कशासाठी?

"बूट कुठनं आलं गं?"

क्रांती खाली बसून नाडी बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "आईनं घेतलं."

"आणि जुनं?"

"बोचत हुतं."

"नवं बोचतंय गं पोरी. जुनं कसं बोचंल?"

बांधलेली नाडी सोडून तिनं पुन्हा बांधायला घेतली. शेजारच्या मुलींनी एकमेकींकडं बघितलं आणि पळण्याच्या फेऱ्या मारायला निघून गेल्या. मास्तरांनी ते एकमेकींकडं बघणंही टिपून ठेवलं.

मास्तर जन्माचे संशयी. दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं दूध घेतलं तरी आधी बोट बुडवून बघतील, रिक्षात बसले तर रस्त्याऐवजी मीटर बघतील. बायकोनं विचारलं, जेवायला वाढू का, तर म्हणतील, आज एवढी घाई का? पण उंचीच्या बाबतीत त्यांच्या संशयाला कारण होतं, आणि ते त्यांनी आयुष्यभर जपून ठेवलं होतं. तालमीत वाढलेला माणूस. वडील पैलवान, आजा पैलवान. हा मात्र अंगानं बारका निघाला म्हणून शाळेत कुणीतरी हातात बास्केटबॉल दिला. खेळायला लागला तो असा की समोरच्याला चेंडू दिसू नये. जिल्ह्याच्या निवडीला गेला, तर निवडणाऱ्या साहेबांनी खेळ बघायच्या आधीच डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा वाढून ये, बाळ." मास्तर काही वाढले नाहीत. पाच फूट चार इंचांवर जे थांबले ते थांबलेच, आणि राग तेवढा वाढत राहिला.

मग स्वतःचा क्लब काढला तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, इथं टेप येणार नाही. कुस्तीच्या मैदानात जोड लावतात ती काय फूटपट्टीनं? दोन गडी शेजारी उभे करायचे, हातात हात द्यायचा, वस्तादानं वरून खाली एकदा बघायचं आणि सांगायचं, लागतीय की न्हाय. मास्तरांनी ती रीत उचलली आणि कळंब्याच्या वाटेवरच्या आपल्या सिमेंटच्या कोर्टवर आणून ठेवली. "माप डोळ्यात असतंय," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. त्यांचा संघ ठरलेला असायचा. पाच चपळ, बुटक्या मुली, सगळ्या गुडघ्यात वाकून खेळणाऱ्या. "खाली बसा! गुडघं वाकवा! आणिक खाली!" हा ओरडा सकाळी अर्ध्या कळंब्याला ऐकू जायचा. उंच मुलगी आली की त्यांच्या कपाळावर आठी चढे. उंच मुलीला उडी मारायची गरज नसते म्हणून ती उडी विसरते, रिंगखाली उभी राहते आणि चेंडू आपणहून हातात पडायची वाट बघते, असं त्यांचं ठाम मत होतं. ते अगदीच खोटं म्हणावं, तर त्यांच्या बुटक्या मुली वर्षानुवर्षं जिल्हा जिंकत होत्या. खरं म्हणावं, तर जिल्ह्याच्या पुढं गेल्या की दरवर्षी रिंगखाली मार खाऊन परत येत होत्या. पहिली गोष्ट मास्तर सगळ्यांना सांगत आणि दुसरी पंचांच्या माथी मारत.

गेल्या वर्षी नेसरीकडची एक मुलगी आली होती, सौंदर्या नावाची. ताडमाड. मास्तरांनी तिला दोन फेऱ्या पळवलं आणि सगळ्यांच्या देखत निकाल देऊन टाकला, "हिला वळायला ट्रकगत रस्ता लागतोय. न्हाय जमायचं." मुली हसल्या. हशा मिळाला की मास्तरांना चेव येतो. क्रांतीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "ही बघा माझी वाघीण. फकस्त वाढू नगंस बाई. वाढलीस की तूबी गेलीस!" पुन्हा हशा. सौंदर्या इचलकरंजीला मामाकडं राहायला गेली आणि तिथल्या विजयसिंहाच्या संघात खेळायला लागली. मास्तर ते सगळं विसरूनही गेले.

आता क्रांतीच्या बुटांची एवढी काळजी मास्तरांना का लागली, तर निवड तोंडावर आली होती. पुण्याला निवासी शिबिर होतं. निवडलेल्या मुलींनी तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, तिथंच खेळायचं आणि पुढं राज्याच्या संघाची वाट धरायची. जिल्ह्यातून दोघी जाणार होत्या. वयाची अट अशी की क्रांतीला ह्याच वर्षी संधी होती, पुढच्या वर्षी तिचं वय सरत होतं. आणि पोरीचा जीव त्या शिबिरात अडकला होता. पहाटे गोठ्यातलं शेण काढून मैदानावर येणारी, सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या मागनं जाणारी पोर ती. पुण्याचं नाव निघालं की हातातला चेंडू छातीशी घट्ट धरून उभी राहायची.

मास्तरांनाही तिनं जायला हवं होतं, पण त्यांचं कारण वेगळं. पत्रकात अट छापली होती, गार्डला, म्हणजे क्रांतीसारख्या चेंडू पुढं नेणाऱ्या मुलीला, उंची किमान पाच फूट सहा इंच. मास्तरांच्या डोळ्याच्या मापानं क्रांती पाच चार, म्हणजे बरोबर त्यांच्याएवढी. तीच तर गंमत होती. ही एवढीशी पोर कोर्टवर उतरणार, सगळ्या उंटिणींच्या हातातनं चेंडू काढून नेणार, आणि निवडणाऱ्यांना आपलीच अट गिळावी लागणार. डोक्यावर ठेवलेल्या त्या हाताचा हिशेब असा चुकता होणार होता. "तू बारकी हाईस म्हणूनच तुला नेणार," असं ते तिला रोज सांगत. "दाखव त्यास्नी!" क्रांती मान डोलवायची. हल्ली मान डोलवतानाही खाली बघायची.

बुटांनंतर मास्तरांनी नीट लक्ष ठेवायला सुरुवात केली, आणि लक्ष ठेवणाऱ्याला दिसायला काय कमी? ते जवळ गेले की ती बसायची. कधी नाडी, कधी पायात गोळा, कधी नुसतीच पायरीवर. मुली घोळक्यात बोलत असल्या आणि मास्तर आले की बोलणं तुटायचं. कोर्टच्या कडेला जुनी तालीम होती, तिच्यात चेंडू ठेवलेले असत. तालमीचं दार बुटकं. आत जाणाऱ्यानं मातीपुढं वाकावं म्हणून जुन्या लोकांनी ते तसं केलेलं. तिथनं चेंडू काढायचं काम क्रांतीचं, हौसेनं करायची. आता ती दुसरीला पाठवायला लागली. एकदा नाइलाजानं गेली ती कपाळ चोळत बाहेर आली.

"काय झालं?"

"डास चावला."

डास! कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आणि म्हणे डास. मास्तरांनी तिथल्या तिथं ओळखलं. आत अंधारात फोनवर कुणाशी तरी बोलत असणार, बोलता बोलता भिंतीला धडकली असणार. आता हा कुणीतरी कोण, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

ते उत्तर दूधकट्ट्यावर आपणहून चालत आलं. संध्याकाळी धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन मास्तर फेस फुंकत होते, तर समोर विजयसिंह. हा इचलकरंजीचा कोच, वयानं मास्तरांपेक्षा बराच लहान, अंगानं दीड. ह्याच्या संघात एकही मुलगी मास्तरांच्या कानाखाली नाही.

"मास्तर, एक ईचारू? क्रांतीला अलीकडं मापलंयसा का?"

मास्तरांच्या हातातला ग्लास थांबला. "तुला रं काय करायचंय तिच्या मापाचं?"

"न्हाय, असंच."

"असंच कोण ईचारत न्हाय. मी रोज बघतोय तिला."

"रोज बघताय म्हणूनच ईचारलं."

"हे बघ," मास्तर तापले, "तुमास्नी सगळ्यास्नी उंचीचं येड लागलंय. पोरी निवडताय का इजंचं खांब?"

विजयसिंहानं शांतपणे मिशीवरचा फेस पुसला. "मास्तर, पोरीला पास द्यायला मी शिकवीन. पळायला शिकवीन, नेम धरायला शिकवीन. उंची कशी शिकवू? ती घरनंच घिऊन यावी लागती. म्हणून मी ती आदी बघतोय."

"आणि डोस्कं? ते बघायचं न्हाय?"

"बघायचं की. नुसती उंची घिऊन मीबी चार वर्सं हारलोय तुमच्याकडनं, माझं मलाच ठावं. पण समजा दोघी आल्या. सारख्याच हुशार, सारख्याच चपळ. एक बुटकी, एक उंच. कुणाला घेशीला?"

"बुटकीला."

"का?"

"तिनं सोसलेलं असतंय."

"आणि उंच पोरीनं सोसलं नसंल कशावरनं?" विजयसिंह म्हणाला. त्यानं ग्लास ठेवला आणि निघून गेला.

ह्या प्रश्नावर विचार करायला हवा होता. पण मास्तरांचं डोकं पहिल्याच प्रश्नात अडकलं होतं. दुसऱ्याच्या खेळाडूचं माप ह्याला कशाला हवं? दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि क्रांतीच्या घरी गेले, तर दारात विजयसिंहाची बुलेट उभी.

मास्तर काही आत घुसले नाहीत. गोठ्याच्या आडोशाला उभे राहिले, म्हशीनं दोनदा शेपटी मारली तरी हलले नाहीत. विजयसिंह बाहेर आला, विठाबाई दारापर्यंत आली, आणि तो म्हणाला ते मास्तरांनी स्वच्छ ऐकलं. "वयनी, तेवढं तिला सांगा. त्या दिवशी भ्यायचं न्हाय म्हणावं. एकदाच." विठाबाईनं मान हलवली. बुलेट गेली आणि मास्तर पुढं झाले.

"विजयसिंह कशापायी आलता?"

विठाबाई दचकली. पदर सावरत म्हणाली, "आलं हुतं असंच. बसा की मास्तर. च्या टाकते."

"च्या नगं. क्रांती कुठाय?"

क्रांती आत पलंगावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मास्तरांना बघून उठली नाही. एरवी पाया पडणारी पोर! आणि मास्तरांची नजर खिडकीच्या फळीवर गेली. तिथं शिंप्याचा टेप पडला होता. नुकताच वापरलेला, अर्धवट गुंडाळलेला.

टेप बघितला आणि मास्तरांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. आधी बूट. मग फोन. आता टेप. विजयसिंह पोरीच्या ड्रेसचं माप घेऊन गेला होता! इचलकरंजीचा ड्रेस शिवायला टाकणार, शिबिराच्या आधी पोर आपल्या संघात ओढणार, आणि उद्या पेपरात छापून येणार, इचलकरंजीची क्रांती. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतक्या वर्षांत ह्या पोरीएवढा जीव त्यांनी कुणावर लावला नव्हता.

"माझ्यापासनं काय लपवालीयास?" त्यांनी विचारलं.

क्रांतीचे डोळे भरून आले. "काय न्हाय, सर."

"खरं सांग."

"काय न्हाय म्हटलं की," असं म्हणून तिनं तोंड गुडघ्यात घातलं. विठाबाई काहीतरी बोलायला पुढं झाली, तर लेकीनं मान न उचलताच "आई!" असं म्हटलं, आणि आई थांबली. मास्तर तिथनं निघाले ते मनाशी एक गोष्ट पक्की करून. निवडीच्या दिवशी विजयसिंहाला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

निवडीचा दिवस उजाडला. मैदानावर मंडप, जिल्हाभरातल्या मुली, पुण्याहून आलेल्या निवड समितीच्या मॅडम. आणि मंडपाच्या तोंडाशी उंची मोजायचा स्टँड, आणि त्या स्टँडपाशी, अजून कोण असणार, विजयसिंह! जिल्ह्याच्या लोकांनी त्याला मदतीला उभा केला होता. मास्तर तडक तिथं गेले आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. म्हणजे त्याच्या दंडाला खांदा लावून.

"मी हितंच हाय."

"मास्तर, जरा लांब हुभं ऱ्हावा की. पोरी बिचकत्यात."

"बिचकू देत. तुला काय करायचंय ते माझ्यासमोर कर."

एकेक मुलगी येत होती. विजयसिंह पट्टी डोक्याला टेकवायचा, आकडा सांगायचा, टेबलावरचा माणूस लिहून घ्यायचा. सौंदर्या आली, पाच फूट साडेआठ. मास्तरांकडं न बघता गेली. मास्तर प्रत्येक आकडा स्वतः वाकून वाचत होते. एकही चुकीचा निघाला नाही, त्यानं त्यांचा संशय आणखीच वाढला. हा माणूस एवढा सरळ वागतोय म्हणजे काहीतरी मोठं ठेवलंय मागं.

रांगेत क्रांतीचा नंबर जवळ आला तसा विजयसिंह त्यांच्या कानाशी लागला. "मास्तर, हात जोडतो. हिच्या येळंला तेवढं मंडपामागं जाऊन या. पाच मिंटं. मग मला काय बी बोला."

झालं. ह्याच वाक्याची मास्तर वाट बघत होते. "आता तर मी हलतच न्हाय," ते म्हणाले आणि आणखी एक पाऊल पुढं सरकले.

क्रांती आली. अंगात ढगळ ट्रॅकसूट, आत दुसरी क्रांती मावेल एवढा. स्टँडला पाठ लावून उभी राहिली. समोर दीड हातावर मास्तर. तिनं त्यांच्याकडं बघितलं. मास्तरांना वाटलं पोर घाबरलीय, म्हणून त्यांनी मान डोलवली, मी हाय. विजयसिंहानं पट्टी खाली आणली.

"सरळ हुभी ऱ्हा, बाळ," तो हळूच म्हणाला. "ठरलंय न्हवं आपलं?"

"सरळच हाय," क्रांती म्हणाली.

"गुडघं बघू जरा..." विजयसिंह खाली वाकायला लागला आणि मास्तरांचा बांध फुटला.

"हात लावायचा न्हाय पोरीला! तिच्या गुडघ्याला काय झालंय? आणि काय ठरलंय रं तुमचं? आकडा बघ आणि सांग!"

गलका झाला तशी मॅडम उठून आल्या. विजयसिंह म्हणाला, "मॅडम, हिला परत मापूया, हे बरोबर न्हाय." त्यावर मास्तर मंडप हलेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काय परत मापायचं न्हाय! मी हिचा कोच हाय. रोज बघतोय हिला. पाच चार म्हंजे पाच चार, माझ्या डोळ्यासमोर माप झालंय. ह्यास्नी आकडा फिरवायचाय." मॅडमनी दोघांकडं बघितलं. दोन क्लबांची भांडणं त्यांनी गावोगाव बघितली असणार. "कोचची हरकत नाही ना? मग पुढची मुलगी घ्या," असं म्हणून त्या जागेवर जाऊन बसल्या. टेबलावरच्या माणसानं पाच फूट साडेचार लिहिलं. क्रांती स्टँडवरनं उतरली आणि मान खाली घालून गर्दीत गेली. मास्तरांनी विजयसिंहाकडं बघून मिशीला पीळ भरला.

तो पीळ फार वेळ टिकला नाही. थोड्या वेळानं नावं पुकारली, ही एवढी खेळायला येतील, बाकीच्यांनी जेवून घरी जावं. क्रांतीचं नाव नव्हतं. मास्तर धावत टेबलापाशी गेले. "आवो, खेळ तरी बघा की पोरीचा!" मॅडमनी पत्रकातली ओळ दाखवली. "अटीत बसत नाही, तिला कोर्टवर घेता येत नाही. आधी वाचलं नव्हतं का तुम्ही?" मास्तरांनी वाचलं होतं, चांगलं दहादा. फक्त ती अट क्रांतीच्या खेळापुढं टिकेल हे त्यांना खरं वाटलं नव्हतं. खेळ बघायच्या आधीच डोक्यावर हात पडला होता, आणि तो कुणाचा हे अजून मास्तरांना कळायचं होतं.

त्यांना वाटलं, विजयसिंहाचा. त्याला शोधायला ते मंडपामागं गेले. तिथं पाण्याच्या टाकीपाशी दोन मुली उभ्या होत्या. एक सौंदर्या, जिला पाच साडेआठ मापताना मास्तरांनी स्वतः बघितलं होतं. आणि तिच्या शेजारी तोंडावर पाणी मारून नुकतीच ताठ झालेली क्रांती. तिचं डोकं सौंदर्याच्या डोक्याच्या जेमतेम बोटभर खाली होतं.

मास्तर जागीच थांबले. आणि ह्या माणसाची जात बघा, त्यांची नजर आधी तिच्या पायांकडं गेली, दगडावर उभी आहे की काय म्हणून. दगड नव्हता. सपाट फरशी होती. मोठाले पाय होते, आणि त्यात मोठाले नवे बूट.

क्रांतीला ते दिसले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती बुटकी झाली. खांदे पुढं आले, मान आत गेली, ढगळ पँटीत गुडघे वाकले. इतक्या सराईतपणे की एरवी त्यांच्या ध्यानातही आलं नसतं. रोज सकाळी "आणिक खाली!" म्हणून ओरडत त्यांनीच तिला ते शिकवलं होतं.

"आता कशाला बसतीयास?" सौंदर्या तिला म्हणाली आणि मास्तरांकडं वळली. तिचं मराठी सीमेकडचं, ठाशीव. "साडेसात हाय ती. पाच साडेसात. विजयसिंह सरांनी तिच्या घरात जाऊन मापलंय. तुमच्यासमोर सरळ उभी ऱ्हायाचं न्हाई म्हणाली, म्हणून तुमाला लांब जावा म्हणत होते. वर्ष झालं वाढालीय ती आणि वर्ष झालं वाकून चालालीय. मला तुम्ही काढलासा ते तिनं बघितलंय."

मास्तरांनी क्रांतीचा हात धरला आणि तिला जवळजवळ ओढत मंडपात नेलं. "मॅडम, चूक झाली. माझी चूक झाली. परत मापा. साडेसात हाय पोरगी."

मॅडमनी चष्मा काढला. "सकाळी तुम्हीच म्हणालात ना, पाच चार म्हणजे पाच चार? दुपारपर्यंत तीन इंच वाढली?"

"मापून बघा की! स्टँड हितंच हाय."

"खरं हाय मॅडम," मागून विजयसिंह पळत आला. "मीबी मापलंय."

ते ऐकून मॅडमचा चेहरा आणखी बंद झाला. "सकाळी तुम्ही एकमेकांच्या अंगावर जात होता. आता निकाल लागल्यावर दोघांचं एक झालं?" त्यांनी एकदा मास्तरांकडं बघितलं, एकदा क्रांतीच्या ढगळ ट्रॅकसूटकडं, तिच्या बुटांकडं, बुटांच्या टाचांकडं. हा माणूस कशात काय घालून आणतोय, असं ते बघणं होतं. मास्तरांना त्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. "माप एकदाच होतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर प्रत्येक कोच दुपारी पोरगी वाढवून आणेल. अटीत बसलेल्यांची नावं पुण्याला कळवून झालीत." आणि त्या मुलींचा खेळ बघायला कोर्टकडं निघून गेल्या.

कोर्टवर शिट्टी वाजली. सौंदर्या खेळत होती आणि, सांगायला हरकत नाही, ट्रकला लागतो तेवढा रस्ता तिला अजिबात लागत नव्हता. विजयसिंह मास्तरांशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं सुनावायला हवं होतं, मास्तरांची तयारीही होती. पण तो नुसताच म्हणाला, "पोरीला काय तरी खायला घाला," आणि गेला.

मास्तर मंडपाच्या मागच्या पायरीवर बसले. क्रांती समोर उभी. लाज काय असते ते ह्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. पोरीचं वर्ष गेलं होतं, पुणं गेलं होतं, आणि घालवणारा बाहेरचा कुणी नव्हता.

"सरळ हुभी ऱ्हा," ते म्हणाले.

क्रांती हळूहळू सरळ झाली. आधी गुडघे, मग पाठ, सगळ्यात शेवटी मान. मास्तरांना वर बघावं लागलं. एवढी मोठी पोर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आता ही रडेल, मास्तरांना वाटलं. पुण्यासाठी रडेल, मला बोलेल, बोलू दे. पण क्रांती रडली नाही. तिनं ट्रॅकसूटची बाही बोटांवर ओढली आणि विचारलं,

"सर, मग उद्यापासनं मी यायचं का न्हाय?"

ये म्हणायचं होतं मास्तरांना. ते म्हणायला त्यांना उशीर झाला, फार नाही, एखादा श्वास घेण्याइतका. तेवढ्यात क्रांतीनं गुडघे पुन्हा वाकवले.